चढणीचा ताप

वडीलधाऱ्या माणसास ताप भरला की घरातील प्रत्येक जण वैद्य होतो, हा अनुभव वाचकांपैकी बहुतेकांनी घेतलेला असेल. कोणी काढा सुचवितो, कोणी लंघन सांगतो, आणि कोणाच्या तरी शेजाऱ्याच्या मेव्हण्यास अगदी असाच ताप आलेला असतो. जुन्या मोटारीस ताप भरला म्हणजेही हेच सारे घडते, हे मात्र आम्हांस २०२३ साली कळले, आणि ते कळण्याची किंमत थोडी जास्तच पडली.

मोटार अँबॅसडर, मार्क तीन, १९७८ सालची. तीर्थरूपांनी ती बेळगावात घेतली आणि हयात असेतो स्वतः चालविली. या गाडीचे कूळ विलायती. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डची ती कन्या, पण वाढली हुगळीकाठी उत्तरपाड्यास. २०१४ च्या मे महिन्यात तो कारखाना थांबला आणि ही जात खुंटली. त्यानंतर आम्हांस भेटणारा प्रत्येक हितचिंतक ‘अजून ठेवली आहे का?’ असे विचारतो. त्या प्रश्नात कौतुक किती आणि कीव किती, याचा हिशेब करणे आम्ही सोडून दिले आहे.

ठेवली आहे, त्याचे कारण आमच्या मातोश्रींचे गुडघे. त्यांचे वय तेव्हा ८३ होते. अलीकडच्या ठेंगण्या गाड्यांत बसायचे म्हणजे त्यांना खोल टोपलीत उतरल्यासारखे होते, आणि बाहेर निघताना दोघांनी हात द्यावा लागतो. अँबॅसडरचे आसन खुर्चीच्या उंचीचे, दार रुंद, पाय पसरावयास जागा. आई पाठ टेकून बसते, पाय आत घेते, झाले. दर माघात कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या जत्रेला जाण्याचा तिचा नेम या एका आसनावर टिकला होता. सोळाव्या शतकातील त्या संकटकाळी देवी केळोशीहून जुवारी ओलांडून कवळ्यास आली. आमच्या पूर्वजांनी त्याच्याही पुढे जाऊन सह्याद्री ओलांडला आणि ते घाटावरचे झाले. तेव्हापासून वर्षातून एकदा घाट उतरावयाचा आणि पुन्हा चढावयाचा, हे आमच्या घराण्याचे देणे आहे. ते फेडताना पूर्वी बैल धापा टाकीत असतील. २०२३ साली अँबॅसडरने टाकली.

उतरताना काही घडले नाही. परतताना मोले सोडले, अनमोडचा चढ लागला आणि पुढे एक अवजड मालट्रक आला. ओलांडावयास वाट नाही. दुसऱ्या गिअरवर गुरगुरत त्याच्या मागे मागे चाललो असताना काटा लाल रेघेकडे सरकू लागला. आम्ही तो पाहिला; पाहिला आणि ‘वळण संपल्यावर बघू’ असे मनाशी म्हटले. वळणे संपतात ती अनमोडास, हे आम्हांस ठाऊक होते. दोन वळणांनंतर बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली आणि गाडी आपणच थांबली.

यानंतर आम्ही जे केले ते वाचकांपैकी कोणी कधीही करू नये, म्हणून सांगतो. उपरणे हातावर गुंडाळून आम्ही रेडिएटरचे झाकण पिळले. ते झाकण नुसते झाकण नसते. त्यात स्प्रिंग असते, आणि ती आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते. दर चौरस इंचास एक पौंड दाब चढला की पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. म्हणून आतले पाणी शंभरावर गेले तरी पाणीच राहते. झाकण उघडले, दाब सुटला, की तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन बाहेर झेप घेते. आमचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. डाग अद्याप आहे, आणि तो झाकण्यासाठी आम्ही पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, ही कबुलीही येथेच देऊन टाकतो.

पाऊण तास थांबलो. घाटात पाणी नाही. पिण्याच्या तीन बाटल्या होत्या, त्या इंजिन चालू ठेवून थेंब थेंब करीत आत ओतल्या. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले तर हेडला तडा जातो, एवढी अक्कल हात भाजल्यावर आली होती. तिन्ही बाटल्या संपल्या तरी पातळी दिसेना. आई रस्त्याकडेच्या एका दगडावर पदर डोक्यावर घेऊन बसली होती. तिने मांडीवरची पिशवी उघडली, तांब्याचा झाकणाचा गडू काढला आणि आमच्यापुढे धरला.

‘तिका तान लागल्या न्हय, घे पुता,’ ती म्हणाली.

त्या गडूत कवळ्याचे तीर्थ होते. शहापुरात आमची मावशी, आईची थोरली बहीण, आठ महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेली होती. तिला जत्रेला नेणे शक्य नव्हते. म्हणून तीर्थ न्यावयाचे होते. निघताना मावशीने आईचा हात धरून एवढेच मागितले होते. आम्ही नको म्हणालो. आईने झाकण काढले आणि गडू आमच्या हाती दिला. आम्ही तो रेडिएटरात ओतला. पातळी दिसली. गाडी रडतखडत अनमोडास पोचली, तेथे एका टपरीवर पुरेसे पाणी मिळाले आणि रात्री नऊला आम्ही बेळगावात आलो.

दुसऱ्या दिवशी आईने त्या गडूत आमच्या विहिरीचे पाणी भरले. गडू तिने आतून पुसला नव्हता. तळाशी जी ओल राहिली होती तीवर तिचा भरवसा होता. मावशीने चमचाभर घेतले, डोळ्यांना लावले, आणि समाधानाने पडून राहिली. चैत्रात ती गेली. आईने याबद्दल एक अक्षर कधी काढले नाही. मावशीचे तेरावे आटोपल्यावर मात्र ती म्हणाली, ‘फुडल्या वर्सा हांव येवपाची ना. तुमकां त्रास.’

हे ऐकल्यावर गाडी विकणे किंवा ती नीट करणे, एवढेच दोन मार्ग उरले. विकली तर आईचे न येणे कायमचे ठरले असते.

आधी अर्थातच गॅरेज झाले. ते कोणते, हे सांगण्यात हशील नाही. तेथील मिस्त्री वाईट माणूस नव्हता, घाईत होता इतकेच. पहिल्या खेपेस त्याने झाकण आणि पंख्याचा पट्टा बदलला. दुसऱ्या खेपेस थर्मोस्टॅट काढून टाकला, आणि ‘आपल्या उष्ण मुलखात त्याची गरजच नसते’ असे शास्त्र सांगितले. हे शास्त्र आपल्याकडे गावोगाव प्रचलित आहे. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, हेड उघडावे लागेल. प्रत्येक खेपेस तो गाडी अंगणात अर्धा तास चालू ठेवून आम्हांस काटा दाखवी. काटा मधोमध स्थिर. मग आम्ही आनंदाने गाडी काढावी, वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागावे, आणि पहिल्याच मोठ्या चढावर काट्याने पुन्हा डोके वर काढावे. हेड उघडण्याचा खर्च ऐकून आम्ही गाडी घरी आणली. दिवाळीचा फराळ संपला होता, माघाला तीन महिने होते, आणि पुतण्याला महाविद्यालयाची सुटी होती.

घरी बसून पहिली गोष्ट केली ती ही की, पाण्याचा मार्ग डोळ्यांपुढे आणला. मोटारीतील पाणी प्रदक्षिणा घालते. रेडिएटरच्या माथ्यावरील टाकीतून ते बारीक नळ्यांतून खाली उतरते, उतरताना वाऱ्याने निवते, खालच्या टाकीत जमते, तेथून एका रबरी होजमधून पंपाकडे ओढले जाते, पंप ते इंजिनाच्या पोटात ढकलतो, ते सिलिंडरांभोवती फिरून हेडमध्ये चढते आणि थर्मोस्टॅटच्या दारातून वरच्या होजने पुन्हा माथ्यावर येते. ताप येतो तो या वाटेत कोठे तरी अडथळा आल्याने, पाणी गळाल्याने, वारा न लागल्याने, किंवा उष्णताच प्रमाणाबाहेर निर्माण झाल्याने. पाचवे कारण नाही. हे कळले की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी मात्र कामच पुरे होईपर्यंत राहते.

गाडी खरोखरच तापते का, की काटा खोटे बोलतो, हा पहिला प्रश्न पुतण्याने काढला. प्रश्न रास्त होता. पंचेचाळीस वर्षांच्या काट्यावर किती विश्वास ठेवावा? त्याने कपाटातून २०२० सालच्या करोनाच्या दिवसांत आणलेले, कपाळापुढे धरावयाचे ते ताप मोजण्याचे यंत्र काढले आणि रेडिएटरवर रोखले. यंत्राने ‘हाय’ अशी अक्षरे दाखविली. ते माणसाच्या तापापुरते केलेले. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपुढे त्याची मती गुंग होते. यंत्राच्या तोंडून इतका मनापासूनचा उद्गार आम्ही पूर्वी ऐकला नव्हता.

मग त्याने प्रयोगशाळेतील असते तशी काचेची उष्णतामापक नळी आणली आणि खरे काम सुरू झाले. गॅरेजने काढलेला थर्मोस्टॅट आम्ही कागदात बांधून परत आणला होता. ही पितळेची एक लहानशी चकती. तिच्या पोटात मेण असते. मेण तापून फुगले की ते दार ढकलते आणि पाण्याला वाट मिळते. दार किती अंशांवर उघडावे तो आकडा चकतीवरच कोरलेला असतो. आमच्या चकतीवर ८२ होता. तपासण्याची रीत सोपी आहे. भांड्यात पाणी घ्यावे, चकती दोऱ्याने मध्ये टांगावी, तळाला लागू देऊ नये, शेजारी उष्णतामापक धरावा आणि मंद आंचेवर पाहत बसावे.

भांडे कोणते, येथे घोटाळा झाला. पुतण्याने हाताला लागले ते पातेले उचलले, ते नेमके नैवेद्याची खीर करण्याचे निघाले. आई काठी टेकीत दारात आली. तिने पातेल्यात लोंबणारी ती तेलकट चकती पाहिली, मग नातवाकडे पाहिले. ‘हें आयदन परत रांदचे कुडींत हाडूं नाका,’ एवढेच म्हणाली आणि तेथेच खुर्ची मागवून बसली. चुलीवर काय शिजते आहे, हे पाहिल्यावाचून जाणे तिच्या स्वभावात नाही.

साठ, सत्तर. चकती ढिम्म. ऐंशीच्या थोडे पुढे गेल्यावर पितळेच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मग ती हळूहळू रुंदावत गेली आणि नव्वदीच्या पलीकडे दार सताड उघडले. गार होऊ दिल्यावर तितक्याच सावकाश मिटले. म्हणजे हा बिचारा निर्दोष होता, आणि शिक्षा मात्र त्याला झाली होती. त्याला काढून टाकल्याने गाडी निवत नाही. उलट सकाळी इंजिन बराच वेळ थंडच राहते, पेट्रोल जास्त खाते आणि आतून लवकर झिजते. आम्ही नवे गॅस्केट घालून त्याला पुन्हा त्याच्या जागी बसविले. जाता जाता एक गंमत. पातेल्यातील पाणी खळखळून उकळले तेव्हा नळी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच दाखवीत होती. आम्ही नळी खोटी ठरविली. पुतण्याने समजावले की बेळगाव समुद्रसपाटीहून सुमारे साडेसातशे मीटर उंच, आणि दर तीनशे मीटरांमागे उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. म्हणजे घाट चढणारी गाडी एकीकडे अधिक तापत असते, आणि दुसरीकडे तिचे पाणी अधिक लवकर उकळावयास टपलेले असते.

पुढचे आठ दिवस रेडिएटरने घेतले. बाहेरून पाहिले तर पत्र्याच्या जाळीत गवताचे कुसळ, पाकोळ्यांचे पंख आणि कित्येक पावसाळ्यांची माती. पाण्याचा फवारा पुढून मारला तर ही घाण अधिक आत ठासते. तो इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारावा लागतो. आतून काय होते ते खालची तोटी सोडल्यावर दिसले. गडद तांबडे, गेरूच्या पाण्यासारखे. इतकी वर्षे आम्ही विहिरीचे नुसते पाणी भरीत आलो होतो. त्यात गंजरोधक द्रव नसला की इंजिनाचे ओतीव लोखंड आतून गंजत राहते, आणि तो गंज बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यात, चौथ्या सिलिंडरापाशी, गाळ होऊन बसतो. रेडिएटर उतरवून उलटा धरला आणि खालच्या तोंडातून पाणी सोडले. वरच्या तोंडातून चिखल आला. ब्लॉकची तोटी काढली तर काहीच आले नाही. तारेने टोचल्यावर आधी एक गोळा पडला, मग पाणी. बादल्या किती झाल्या ते मोजले नाही. परसातील केळीखालची माती मात्र कितीतरी दिवस लाल दिसत होती.

आता गाडी बरी होणारच, अशी आमची खात्री झाली. आम्ही ती चढावर नेली. काटा पूर्वीपेक्षा उशिरा चढला, पण चढला.

त्या संध्याकाळी प्रथमच आम्हांस त्या मिस्त्रीचे म्हणणे खरे वाटू लागले. हेड गॅस्केट गेले असेल तर सिलिंडरातील जळता वायू पाण्यात शिरतो. त्याची लक्षणे घरी पाहता येतात. थंड इंजिनाचे झाकण काढून मग ते चालू करावे आणि तोंडाशी बुडबुडे सतत येतात का ते पाहावे. तेलाच्या काडीवर दुधाळ फेस दिसतो का पाहावे. मागच्या नळीतून पांढरी, गोडूस वासाची वाफ निघत राहते का पाहावे. आम्ही दोघांनी तीन सकाळी हे पाहिले. बुडबुडे नाहीत. तेल काळे, स्वच्छ. चारही चाकांचे ड्रम हात लावून पाहिले, कारण एखादा ब्रेक धरून राहिला तर इंजिनावर भार पडतो. ठिणगीची वेळ मागे सरकली असली तरी ताप येतो, म्हणून तीही तपासली; ती जागच्या जागी होती. आम्ही पायरीवर बसलो. माघ दीड महिन्यावर आला होता. पुतण्या म्हणाला, ‘काका, देऊन टाकू या का?’ आणि आम्ही लगेच ‘नाही’ म्हणालो नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

आई ओटीवर वाती वळीत बसली होती. इतके दिवस ती आमच्या या खटाटोपाबद्दल काही बोलली नव्हती; जावयाचेच नाही तर बोलावे कशाला, असा तिचा हिशेब असावा. त्या दिवशी वात वळता वळताच ती म्हणाली, ‘चडणेर मात तापता, देंवणेर ना. तुमी हांगा आंगणांत कितें पळयतात?’

हे वाक्य आम्ही शंभरदा स्वतःशी म्हटले होते. तरी त्याचा अर्थ आमच्या डोक्यात शिरला नव्हता. गॅरेजने गाडी उभी करून पाहिली, आम्हीही उभी करूनच पाहत होतो. चढावर गाडी दुसऱ्या गिअरवर हळू चालते, पण इंजिन मात्र जोराने फिरत असते. अंगणात चढ आणता येत नाही. इंजिन जोराने फिरविता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या आत बसला, गाडी न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढलेला. आम्ही बॉनेट उघडून बाजूस उभे राहिलो. उपरणे काढून ठेवले, कारण पंखा कोणाची भीड ठेवीत नाही. काटा मध्यावर आल्यावर आम्ही हात वर केला आणि त्याने पाय दाबला.

पंख्याचा आवाज वाढला, पंप घोंघावू लागला, आणि आमच्या डोळ्यांदेखत खालचा होज चपटा झाला. कोणी अदृश्य मुठीत धरून पिळावा तसा त्याचा मधला भाग आत गेला आणि दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. पुतण्याने पाय उचलला. होज पूर्ववत गोल झाला, जसे काही घडलेच नव्हते. पुन्हा दाबला. पुन्हा चपटा. आत बसलेल्याला अर्थातच काही दिसत नव्हते. तो ओरडून विचारीत होता, ‘काका, काय झालं?’ आणि आमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूस असतो. पंप जितका जोराने फिरतो तितकी ओढ वाढते. रबर ताठ असेल तर ते तग धरते. पुष्कळ गाड्यांत या होजच्या पोटात तारेचे वेटोळे याचसाठी बसविलेले असते. रबर मऊ पडले आणि वेटोळे नसले, की ऐन चढणीवर, जेव्हा पाण्याची सर्वांत अधिक गरज असते त्याच वेळी, पंप स्वतःचाच गळा आवळतो. गाडी थांबवून बॉनेट उघडावे तो होज पुन्हा गोल झालेला, मग तो दिसणार कोणाला? रेडिएटरच्या नळ्या गाळाने भरल्यामुळे ओढ अधिकच वाढली होती. म्हणून आमचे ते आठ दिवस अगदीच वाया गेले असे नाही. पण मूळ रोगी हा होता.

आणि तो होज आम्ही आणला होता. २०२१ च्या पावसाळ्यात जुना होज गळू लागला, तेव्हा दुकानदाराने दोन पुढे ठेवले. एक जड, बाकदार, पोटात तार असलेला. दुसरा साधा, सरळ, हलका. ‘तार कशाला? त्याने क्लिप बसविताना त्रास होतो,’ असे आम्हीच म्हणालो. शेदीडशे रुपये वाचले. परतताना त्या रुपयांचे आम्ही काय घेतले तेही आठवते. आईसाठी अर्धा किलो कुंदा.

तारेचा होज हुबळीहून मागवावा लागला. सोबत बाकीचे होज, क्लिपा आणि नवे झाकणही घेतले, आणि पाण्याऐवजी निम्मा शीतक द्रव निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण भरले. त्या द्रवाने गंज थांबतो आणि उकळबिंदू काही अंशांनी वर जातो. तो चवीला गोड आणि पोटात गेला तर विषारी असतो. म्हणून सांडलेला थेंब न थेंब पुसावा लागतो, कारण आमच्या अंगणात शेजारची वासरे आणि गल्लीतील कुत्री स्वतःचे घर समजून येतात. मग पुन्हा तोच प्रयोग. पुतण्याने पाय दाबला, पंप घोंघावला, होज जागचा हलला नाही. आम्ही त्याला आणखी चार वेळा दाबावयास लावले.

आईला कवळ्यास ‘चल’ म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. गाडी दारात लावून आम्ही फक्त तिथी सांगितली. २०२४ साली माघ शुद्ध पंचमी १४ फेब्रुवारीस होती. आदल्या दिवशी पहाटे आम्ही उठलो तेव्हा ती नेसून तयार होती, आणि गडू पिशवीत होता.

जत्रेचे वर्णन येथे करीत नाही. वाचकांपैकी अनेक जण तेथे होतेच. परतताना मोल्यापर्यंत आम्ही बोलत होतो, चढ लागल्यावर गप्प झालो. पुढे मालट्रक होता. तोच असावा असे वाटण्याइतका तसाच, तितकाच मंद. दुसरा गिअर. काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि थांबला. आम्ही एक डोळा त्याच्यावर ठेवून होतो. पुतण्या दोन्ही ठेवून होता. तो दगड आला. आईने काचेतून त्याकडे पाहिले, मांडीवरची पिशवी थोडी जवळ ओढली, आणि तो मागे पडेतो पाहत राहिली. अनमोड आले. टपरीवाल्याने आम्हांस ओळखले आणि न मागता पाण्याची बादली पुढे केली. आम्ही तिने हात धुतले.

बेळगावच्या वेशीवर घराकडे वळणार तोच मागून आवाज आला, ‘पयलीं शहापुरा वचूंया.’ मावशीच्या घरी दिवे लागले होते. तिच्या सुनेने दार उघडले. आईने आत पाऊल न टाकता अंगणातच गडू उघडला आणि सारे तीर्थ, शेवटच्या थेंबापर्यंत, मावशीच्या तुळशीत ओतले. मग पदराने गडू आतून कोरडा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, आम्ही झाकण काढून पाहिले. पातळी बोटभर खाली होती. वाकून पाहिले तो पंपाच्या खालच्या बारीक छिद्राशी एक हिरवा थेंब लोंबत होता. पुतण्याला हाक मारली. तो पाना घेऊनच आला.